दुसरा वार

सुनेचं वागणं मोठीबाईंच्या डोळ्यांत सलत होतं. भरदुपारी डोळ्यांवर काळा डबा बांधून ती दुकानामागच्या खोलीत हवेशी बोलत उभी राहायची. "हातातलं खाली ठेवा. मी तुम्हाला काही करणार नाही." मध्येच दचकायची, भिंतीवर आपटायची आणि वर दात काढायची, "मेले! पुन्हा पहिल्यापासून."

"घरात जीव घ्यायला मी कमी पडते, म्हणून हवेच्या हातून मरतेस?"

"आई, नर्सिंगचा अभ्यास आहे हा. पेशंट अंगावर आला तर काय करायचं ते या व्हीआर डब्यातल्या खेळातून शिकवतात. तो सलाईनचा स्टँड डोक्यात घालतो, आणि मी—"

"आणि फुटलेलं डोकं?"

"बटण दाबलं की नीट होतं."

"अगं बाई! मग तुझ्या सासऱ्यांच्या वेळी कुठे होतं हे बटण?"

बाईंनी निकाल देऊन टाकला. परवा डबा कॉलेजात परत, नाव कमी, आणि सूनबाई शिलाईच्या मशीनवर. शिवणाचं दुकान त्यांनी एकटीनं उभं केलं होतं. त्यांचा शब्द म्हणजे कापलेलं कापड, पुन्हा सांधायचं नाही. सुनेचा नवरा, धाकटा, बाहेरगावी नोकरीला. फोनवर तो एवढंच म्हणाला, "आई म्हणते तसं कर." सून रात्रभर रडली, सकाळी पुन्हा डबा बांधून उभी राहिली. एकच दिवस उरला होता ना.

असाच निकाल तीन दिवसांपूर्वी थोरल्याचाही लागला होता. थोरला दुकानातला कापणारा, हात सोन्याचा, पण घसा दारूचा. बाईंनी बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या आणि त्याला वरच्या खोलीत कोंडलं. सून म्हणाली होती, "एकदम तोडू नका, डॉक्टरांना दाखवू. अशानं माणूस बिथरतो." बाई म्हणाल्या, "पोर मी जन्माला घातलंय, तू नाही."

त्या दुपारी वरचं दार फुटलं. थोरला घामानं निथळत खाली आला आणि त्यानं टेबलावरची कापडाची मोठी कात्री उचलली.

"भिंतीतून किडे येतायत! तूच सोडलेस!"

आईचे केस मुठीत धरून त्यानं तिचं कपाळ मशीनवर आपटलं. एकदा. पुन्हा. रक्त डोळ्यांत उतरलं. बाई ओरडल्या नाहीत; पोटच्या पोरानं मारलं तर ओरडायचं कोणत्या तोंडानं?

सून डबा फेकून धावत आली. "भाऊजी, कात्री खाली ठेवा. मी हात लावणार नाही. दार उघडं आहे." तोच हवेशी बोलायचा आवाज. थोरल्यानं केस सोडले, वळला आणि वार केला. तिचा तळवा उभा चिरला. ती मागे हटली नाही. उलट हात खाली करून एक पाऊल पुढे गेली.

तो थांबला नाही. दुसरा वार खांद्यात घुसला, हाडाला अडकला.

बाईंनी जाड कापडाचा तागा त्याच्या डोक्यावर टाकला, त्याला खाली ओढलं आणि पाठीवर बसून कापड मोजायच्या लाकडी गजानं झोडपलं. गज मोडला, तरी हात थांबेना.

"आई, उठा पाठीवरून! श्वास कोंडतोय त्यांचा! कुशीवर वळवा!"

कापडाखालचा आवाज बंद झाला होता. बाई उठल्या. त्याला वळवलं, तोंड मोकळं केलं. कितीतरी वेळानं तो खोकला, तेव्हा बाईंच्या हातातला तुकडा गळून पडला.

दवाखान्यात थोरला आत औषधाच्या गुंगीत पडला होता. बाहेर बाकावर सून, खांद्याला टाके, हाताला पट्टी.

"एक वार खाल्लास, तरी पुढे कशाला गेलीस, मूर्खे?"

"खेळातला पेशंट वार केल्यावर एक पाऊल मागे सरतो, आई. तेवढ्यात पुढे जायचं. सवय लागली." तिनं मान खाली घातली. "डबा उद्या परत करते."

बाईंनी कपाळावरची पट्टी वर सरकवली.

"उद्या कॉलेजात जायचंय, पण नाव कमी करायला नाही. तिथे सांगायचं, पिसाळलेला माणूस दुसऱ्या वाराआधी दम खात नाही, तुमचा खेळ खोटा आहे, दुरुस्त करा. नाही ऐकलं तर मी येते गज घेऊन. आणि मशीनवर तू बसायचं नाहीस. पोराचा श्वास मी कोंडत होते, तो तू मोकळा केलास. माझा निकाल मी आज उसवला, सूनबाई. तू नर्सच होणार."