पीटीच्या सरांचा चित्रकलेचा तास

चित्रकलेच्या बाई शाळेच्या जिन्यावरून घसरल्या आणि त्यांचा उजवा हात मनगटात मोडला. मोठ्या बाईंनी वेळापत्रक पुढ्यात घेतलं, दुसरीच्या मंगळवारच्या आणि शुक्रवारच्या चित्रकलेच्या तासांना कोण रिकामं आहे ते पाहिलं आणि पीटीच्या सरांना बोलावून घेतलं.

सर म्हणाले, मला चित्र काढता येत नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, दुसरीतल्या पोरांनाही येत नाही, म्हणून तर तास ठेवलाय.

चित्रकलेच्या बाईंनी डाव्या हाताने यादी लिहून पाठवली. रेषा, आकार, रंग, पोत, अवकाश. त्याखाली तोल, लय, उठाव. बाकी अक्षर गिचमिड होतं, पण ‘उठाव’ तेवढा स्पष्ट वाचता येत होता. सर दचकले. सत्तावीस वर्षांत त्यांनी शाळेत उठाव होऊ दिला नव्हता.

घरी त्यांनी बायकोला विचारलं. ती कपडे शिवायची. मशीन न थांबवता ती म्हणाली, की सगळी बटणं पांढरी आणि एकच लाल लावलं की बघणाऱ्याची नजर आधी तिथे जाते, तोच उठाव. पोत कळावा म्हणून तिने चिंध्यांची पिशवी दिली. सरांनी डोळे मिटून मखमल चाचपली, गोणपाट चाचपलं, आणि आपण इतकी वर्षं याच घरात राहतो याचं त्यांना जरा नवल वाटलं.

पहिल्या तासाला त्यांनी हिंमत करून फळ्यावर घोडा काढला. पोरांनी माना तिरप्या करून पाहिलं. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, की टेबलाला शेपूट कशाला. या मुलीला शिक्षक आपसात ‘प्रश्नपत्रिका’ म्हणत. सरांनी घोडा पुसला, शिट्टी गळ्यात अडकवली आणि वर्ग मैदानावर नेला.

तिथे त्यांचा हात बसलेला होता. चुन्याच्या फक्कीने त्यांनी रेषा आखल्या, एक सरळ, एक नागमोडी, एक कोनाकोनाची. पोरं त्यांवरून धावली. सरळ रेषेवर पाय सुसाट सुटतात, नागमोडीवर अंग आपोआप झुकतं आणि कोन आला की थांबावंच लागतं, हे पोरांनीच येऊन सांगितलं. सरांनी ते वहीत उतरवून घेतलं, कारण त्यांनाही ते नवीन होतं.

हात धरून गोल केला, चौकोन केला. चौकोनाच्या कोपऱ्यात कोण उभं राहणार यावरून दोन शर्ट फाटले. अवकाश म्हणजे हात पसरले की कुणाला लागणार नाही एवढी जागा, हे सर वर्षानुवर्षं सांगतच आले होते, फक्त नाव माहीत नव्हतं. सीसॉवर एका बाजूला वर्गातला दणकट पैलवान बसवला, दुसऱ्या बाजूला दोन काटकुळ्या मुली, आणि तोल साधला. मग सगळे उभे राहिले आणि एकटा पैलवान खाली बसला. वरच्या मजल्यावरचे वर्ग खिडक्यांतून पैलवानाकडेच बघायला लागले. सर म्हणाले, हा उठाव. त्याबद्दल कुणाला शिक्षा झाली नाही.

रंग सांडतात, म्हणून ते राहून गेले.

सात आठवड्यांनी मोठ्या बाईंनी पालकसभेसाठी दुसरीची चित्रं मागितली. एकही कागद कुणी रंगवलेला नव्हता. शुक्रवारी त्यांनी कागद आणि रंगीत खडू वाटले, ‘काढा’ म्हणाले, आणि काय काढा ते न सुचल्यामुळे हात मागे बांधून कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

एकाही कागदावर दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य नव्हता. कुठे रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होत्या. पैलवानाने एक काळा धोंडा काढला होता आणि त्याला पेलणाऱ्या दोन बारीक काड्या. मोठ्या बाई व्हरांड्यात चित्रं लावून घेत होत्या, एक कागद त्यांनी बाजूला काढला. सगळा कोरा, फक्त खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा लाल माणूस. कागद प्रश्नपत्रिकेचा होता. मोठ्या बाईंनी सरांसमोरच तिला बोलावलं.

“हे अर्धवट का ठेवलंस?”

“पूर्ण आहे. ते सर आहेत. त्यांना भीती वाटत होती.”

“आणि बाकीचा कागद?”

“तो वर्ग आहे. पण सर आमच्याकडे बघतच नव्हते, म्हणून आम्हाला नाही काढलं.”

सरांचे कान तापले. ती म्हणत होती ते अक्षरशः खरं होतं. त्या तासभरात त्यांनी जमिनीशिवाय काहीही पाहिलं नव्हतं. आजवर मोठ्या बाईंचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता.

“ते लावा,” ते म्हणाले. “मधोमध लावा. आजूबाजूला जागा सोडून.”

मोठ्या बाईंनी शिपायाला टाचण्या आणायला सांगितलं.

पालकसभेला चित्रकलेच्या बाई गळ्यातल्या झोळीत हात घालून आल्या. त्या लाल माणसासमोर त्या इतका वेळ उभ्या राहिल्या, की मागे पालकांची रांग लागली. मग त्यांनी मोठ्या बाईंना सांगितलं, की हात बरा झाला तरी मंगळवारचा तास सरांकडेच राहू दे.

आता मंगळवारी दुसरी मैदानावर असते. शुक्रवारी बाई वर्गात शिकवतात, आणि सर शेवटच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसतात. सध्या ते पेला काढायला शिकतायत. शेजारी पैलवान असतो. खोडरबर त्याचं आहे, आणि मागितल्याशिवाय तो देत नाही.