गोळ्याला लावलेली सुरी

ही १९५७ सालातली गोष्ट. पूर्व जर्मनीत, थुरिंगियातल्या आमच्या खेड्यात रविवारी सकाळी घराघरातून बटाटे किसल्याचा आवाज यायचा. एखाद्या घरातून आला नाही तर शेजारीण डोकावून जाई, कुणी आजारी तर नाही ना म्हणून.

आईचे बटाट्याचे गोळे गावात प्रसिद्ध होते, असं आई म्हणे. कच्चे बटाटे किसून फडक्यात पिळायचे, त्यावर शिजलेल्या बटाट्याचा उकळता लगदा ओतायचा, पोटात तळलेल्या पावाचे तुकडे घालून गोळे वळायचे आणि अलगद गरम पाण्यात सोडायचे. आईच्या दंडांत ताकद फार. बटाटा गुन्हा कबूल करेपर्यंत ती पिळत राही. त्यामुळे आमचे गोळे टणक होत. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. बाबा गोळ्यावर सशाच्या मटणाचा रस्सा ओतत आणि तो मुरेपर्यंत हवामानावर बोलत. आमच्याकडे हवामानावर फार बोलणं व्हायचं.

त्या नोव्हेंबरात थोरल्या बहिणीने, गेर्लिंडेने, समुद्रकाठच्या रोस्टॉकच्या हेनिंगला जेवायला आणलं. आई हो म्हणाली तर ईस्टरला लग्न. ताईने त्याला सगळं पढवलं होतं. बूट पुसायचे, फुलं कागदातून सोडवून मगच द्यायची, बाबांच्या सशांची चौकशी करायची. एकच सांगायचं राहिलं. गोळा काट्याने तोडतात, त्याला सुरी लावत नाहीत. सुरी लावणं म्हणजे रांधणारीला तोंडावर सांगणं, की बाई, तुझा गोळा दगड आहे. हेही कुणाला सांगावं लागतं, असं ताईच्या मनात आलंच नाही.

हेनिंगने काटा टोचला. गोळा सटकून लाल कोबीत जाऊन बसला. त्याने पुन्हा टोचला. मग सुरी उचलली आणि शांतपणे गोळ्याचे दोन भाग केले.

बाबा धुक्यावर बोलत होते, ते वाक्याच्या मध्येच थांबले.

"काही चुकलं का, काकू?"

"छे हो, पाहुणे. करवत देऊ आणून?"

"नको, सुरीनं झालं की."

ताईने डोळे मिटले. "आई, त्यांच्याकडे गोळे नसतात गं!"

"मग काय असतं? नुसता समुद्र?"

"मासे असतात," हेनिंग म्हणाला. "मऊ असतात."

आईने ताट बाजूला सारलं. "पुढच्या रविवारी गोळे हे करतील. आपण खाऊ. मग लग्नाचं बघू."

ताई आठवडाभर रडली. रविवारी हेनिंग आईचा ॲप्रन बांधून उभा राहिला. बटाट्याबरोबर त्याने बोटंही किसली. पिळताना मात्र त्याला बटाट्याची दया आली असावी. पाण्यात सोडलेले गोळे परत वर आलेच नाहीत. तो झारा घेऊन पातेल्यात शोधत राहिला.

"कुठं गेले हो?" आईने विचारलं. तिचा चेहरा इतका उजळलेला मी नाताळातही पाहिला नव्हता.

"आत्ता इथंच होते, काकू."

शेवटी ते सगळं वाडग्यांतून वाढलं. बाबांनी दोनदा घेतलं. "सुरेख—" ते म्हणाले, आणि आईकडे बघून पुढे म्हणाले, "सुरेख ऊन पडलंय." बाहेर बर्फ पडत होता.

"गेर्लिंडे," आई म्हणाली, "हा तुला उपाशी मारील. कर लग्न. पण राहायचं इथं, वरच्या मजल्यावर. रविवारचं जेवण माझ्या हातचं." गोळे जमले असते तर तिने कधीच हो म्हटलं नसतं.

ईस्टरला लग्न झालं. हेनिंग आमच्याच स्टेशनावर नोकरीला लागला आणि वर्षभरात हवामानावर बाबांइतकंच छान बोलू लागला. बाबा गेले ते एका रविवारी जेवणाआधी. आई खूप जगली. तिच्या मयताच्या जेवणात खानावळीतले मऊसूत गोळे होते. ते खाऊन गाव म्हणालं, तुमच्या आईच्या हाताची सर नाही. ताईने पुढे गोळ्यांचं तयार पीठ आणायला सुरुवात केली. तीही आता नाही.

रविवारी मी हेनिंगकडे जेवायला जाते. म्हातारा स्वतः किसतो, स्वतः पिळतो, अगदी दातओठ खाऊन. गोळे थेट आईसारखे होतात. सुरी टेबलावर असते. रस्सा मुरेपर्यंत आम्ही दोघं पावसाबद्दल बोलतो.