स्ट्रेचरचा करार

या दवाखान्यातलं स्ट्रेचर, लिफ्ट आणि ऑपरेशनच्या खोलीचं दार, तिघंही आपापल्या मर्जीचे मालक. कुणी कुणाला हुकूम सोडायचा नाही. आपसात करार करायचा आणि जमत नसेल तर काम दुसऱ्यावर सोपवायचं. हे सगळे नियम कॉम्प्युटरवर बसवले होते इथल्याच इंजिनिअरने, घरच्यांच्या थोरलीने. त्यासाठी तिचा सत्कारही झाला होता. आज त्याच स्ट्रेचरवर तिची आई आडवी होती, आणि स्ट्रेचर ढिम्म हलत नव्हतं.

"अकराला सर्जन निघून जातील हं," नर्स म्हणाली. "मग थेट पुढचा महिना."

पोटातली गाठ काय तोवर थांबणार होती!

थोरलीने स्क्रीन बघितला. स्ट्रेचरने काम लिफ्टवर सोपवलेलं, लिफ्टने दारावर आणि दाराने परत स्ट्रेचरवर. तिन्ही दिवे हिरवेगार, सगळे खूश. काम फिरून पहिल्याच्याच गळ्यात आलं तर काय, हे लिहायचं तिच्याकडूनच राहिलं होतं. कपाळ माझं, म्हणत तिने जोर लावून ढकललं, तर स्ट्रेचरने ब्रेक आवळले.

"आपण करारात नाही आहात," ते अदबीने म्हणालं.

"मग घे की मला! काम माझ्यावर सोपव!"

"नातं?"

"मुलगी."

"मुलीकडून काय हवं, ते पेशंटने सांगावं."

आई हसली. "मला मेलीला काय हवं असणार? काही नको हो तिच्याकडून. तिचे व्याप काय कमी आहेत?"

"मागणी नाही. करार रद्द."

"आई, माग ना काहीतरी!"

"अगं, खरंच नको."

अकराला पाच मिनिटं उरली. ताप असो, वाढदिवस असो, या बाईचं जन्मभर हेच, काही नको. आणि थोरलीनेही ते सोयीस्करपणे खरं मानलेलं. तिला एकदम रडूच फुटलं. "पाया पडते तुझ्या. माग!"

आई छताकडे बघत पुटपुटली, "रविवारी येत जा."

"मान्य!"

ब्रेक सुटले.

"उभ्या उभ्या नको. जेवून जायचं."

"मान्य!" लिफ्ट उघडली.

"मी बोलत असताना फोनला हात लावायचा नाही. आणि मला पोहायला शिकायचं होतं गं, कुणी विचारलंच नाही कधी."

"मान्य, आई, मान्य!" थोरली स्ट्रेचर ढकलत धावत होती. तिला स्वतःलाही पोहता येत नव्हतं.

दार उघडलं. सर्जनने भुलीच्या डॉक्टरांना खूण केली, त्यांनी मास्क पुढे आणला. आईने तो हाताने बाजूला सारला.

"थांबा हो जरा," ती म्हणाली. "माझं मागून झालेलं नाही अजून."