खांद्यावरचे फडके

"मोटार चालू करा," मी म्हणाले. कोणी हलले नाही.

एरवी माझ्या पहिल्या शब्दाला उठणारा माझा मुलगा नातीच्या फोनात डोके घालून बसला होता. त्याच्या मागून सूनबाई वाकून पाहत होती आणि तिच्या मागून लाँड्रीवाले. त्यांच्या धुलाई यंत्राची जळालेली मोटार आम्ही नव्या तारेने भरून दिली होती. ती न्यायला म्हणून ते आले आणि आमच्या घरच्या प्रश्नात खुर्ची ओढून बसले.

प्रश्न असा होता. नातीला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगसाठी परदेशातल्या दोन विद्यापीठांनी बोलावले होते. शिष्यवृत्ती दोघांनीही देऊ केली होती आणि दोघांनाही आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवे होते. एकाला आम्ही घरात 'मोठे' म्हणत असू. दगडी इमारती, जगभर नाव, तीन वर्षांचा अभ्यास आणि दर उन्हाळ्यात लांबलचक सुट्टी. दुसरे 'बंदराचे'. समुद्रकाठच्या गावातले, फारसे कोणी न ऐकलेले, चार वर्षांचे. त्यातले एक वर्ष जहाजांच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात काढायचे, आणि सुट्ट्याही तिथेच.

"मोठंच," नात म्हणाली. "नाव आहे, एक वर्ष वाचतं आणि दर सुट्टीत घरी येता येतं. सगळ्या बाजूंनी विचार केलाय मी."

तिच्या बापाचा चेहरा उजळला. लाँड्रीवाल्यांनी मांडीवर थाप मारली. त्यांच्या साडूचा मुलगा असल्याच एका नावाजलेल्या ठिकाणी शिकला आणि आता त्याला सासरीसुद्धा साहेब म्हणतात, असे त्यांनी सांगितले. तो नेमके काय करतो असे मी विचारले, तेव्हा ते मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

नात या आमच्या मोटारदुरुस्तीच्या दुकानात वाढली आहे. तांब्याच्या तारेच्या रिकाम्या रिळावर बसून तिने पाढे पाठ केले. बापाने लाडाने तिला ठिणगी म्हणायला सुरुवात केली. मोटारीच्या दुकानात ठिणगी हे काही चांगले लक्षण नव्हे, पण नाव चिकटले. खरे बोलताना ती अडखळते, हातवारे करते, एक वाक्य अर्धे टाकून दुसऱ्यात उडी मारते. ती मुद्देसूद बोलू लागली की समजावे, काहीतरी दडवते आहे.

सूनबाईलाही ते कळले असावे. व्हार्निशचा डबा बंद करता करता ती म्हणाली, "बंदरवाल्या सरांशी फोनवर बोलताना हिने समोरचा चहा तसाच गार केला. जळलेल्या वाइंडिंगचा वास कसा असतो, ते सांगत बसली होती त्यांना. त्या 'मोठ्या' विद्यापीठाशी बोलताना सारखी घड्याळाकडे बघत होती."

"आई, तू ना, राहू दे."

"मोटार," मी पुन्हा म्हणाले. या वेळी मुलगा उठला.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. दुरुस्त झालेली मोटार यंत्राला न जोडता बाकावर रिकामी चालवायची, आणि तिच्या अंगावर माझा तळहात पडल्याशिवाय ती दाराबाहेर जाऊ द्यायची नाही. यजमान गेल्यावर दुकान माझ्याकडे आले, तेव्हापासूनचा हा नियम. मीटर विजेचे काय ते सांगतो. आत काय कुरकुरते आहे ते हाताला कळते. 'आजींचा हात लागलाय ना?' एवढेच विचारून गिऱ्हाईक मोटार उचलते.

आता या हाताला काही कळत नाही. वयाने तळव्यातल्या नसा झोपल्या आहेत. हे मी कोणाला सांगितले नाही आणि सांगायची वेळही आली नाही. मोटार चालू झाली की नात माझ्यासमोर येऊन उभी राहते, पलीकडच्या बाजूला स्वतःचा हात टेकवते, आणि मोटार चांगली असेल तर खांद्यावरचे फडके काढून ती पुसू लागते. खोट असेल तर फडके खांद्यावरच राहते. मी फडक्याकडे पाहून निकाल देते. तिला माझी गोष्ट ठाऊक आहे की ही तिची नुसती सवय आहे, हे मी कधी विचारले नव्हते, आणि तिनेही कधी काही म्हटले नव्हते.

मोटार घुमू लागली. मी हात ठेवला. समोर नात उभी होती, पण तिची नजर दुसऱ्या हातातल्या फोनवर होती. तिने नुसती बोटे टेकवल्यासारखी केली, फडके काढले आणि पुसू लागली.

"न्या," मी लाँड्रीवाल्यांना म्हणाले.

मुलाने बटणाकडे हात नेला, तोच ती म्हणाली, "बाबा, थांबा जरा." तिने फोन खाली ठेवला आणि पूर्ण तळहात मोटारीवर दाबला. तिचा चेहरा उतरला. "मला अजून थोडा वेळ हात ठेवू दे, आजी. तिकडे गेल्यावर कुठे मिळणार मला हे?"

लाँड्रीवाले गहिवरले. माझे लक्ष फडक्याकडे होते. ते पुन्हा खांद्यावर गेले होते.

माझ्या हाताचे तिला ठाऊक होते. चारचौघांत माझी चूक दाखवायची नाही म्हणून तिने निरोपाचे सोंग आणले होते. मोटारीच्या आवाजात कुजबूज पलीकडच्यांना ऐकू जाणार नव्हती. मी पुढे वाकले.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"काय, आजी? मी फक्त एवढंच म्हणत होते की—"

"माझ्याशी मुद्देसूद बोलू नकोस."

तिचा मोकळा हात हवेत फिरला. "ती गिरणीची मोटार होती ना, तेव्हा. तू हात ठेवला होतास, पण तू... बघत माझ्याकडे होतीस. मोठं घेतलं तर सुट्टीत मी येईन ना, आणि मधले दिवस काहीतरी... बंदराचं घेतलं तर चार वर्षं तुझ्यासमोर उभं कोण राहणार?"

मला राग आला, आणि चांगलाच आला. माझ्या एका हातासाठी ही मुलगी आपले शिक्षण कापून बेतायला निघाली होती, आणि तेही मला न विचारता.

"सूनबाई, हात पूस आणि इकडे ये."

तिला वाटले मला पाना हवा आहे. ती पाना घेऊनच आली.

"तो ठेव. मागच्या बाजूला तळहात टेकव."

इतकी वर्षे मोटारी भरणाऱ्या माझ्या सुनेला हात ठेवायला मी कधी सांगितले नव्हते. तिने नवऱ्याकडे पाहिले.

"त्याच्याकडे काय बघतेस? मोटार इथे आहे."

तिने हात ठेवला, डोळे मिटले. "मागचं बेअरिंग," ती चाचरत म्हणाली. "किंचित धरतंय आणि सोडतंय."

"पण आजींनी तर न्या म्हणून सांगितलं," लाँड्रीवाले म्हणाले.

"चुकीचं सांगितलं. माझ्या हाताला आता कळत नाही. यापुढे या दुकानात सूनबाईचा हात. मोटार संध्याकाळी न्या." दुकान बंद करायची वेळ सांगावी, त्या आवाजात मी हे सांगितले. मुलाला मी बेअरिंग बदलायला लावले. मग नातीकडे वळले. "हं. आता माझ्यासमोर कोणी उभं राहायची गरज नाही. बोल, कुठलं?"

"बंदराचं. म्हणजे तिथे ना, जहाजाची मोटार, आजी, या खोलीएवढी असते, आणि आत उतरून... सर म्हणाले की कारखान्यात आधी—" तिच्या हाताचा धक्का लागून व्हार्निशचा डबा कलंडता कलंडता वाचला.

"समजलं. कळव त्यांना."

मुलाने नावाचा मुद्दा काढून पाहिला. दुकानाच्या पाटीवरचे त्याचे स्वतःचे नाव उन्हाने कधीच उडाले आहे, पण त्यामुळे एकही गिऱ्हाईक परत गेलेले नाही, याची मी त्याला आठवण करून दिली.

"आजी, चार वर्षं आहेत," नात म्हणाली.

"मला मोजता येतात."

तिने फोन उचलला आणि उत्तर पाठवले.

संध्याकाळी लाँड्रीवाले आले. नव्या बेअरिंगवर मोटार घुमू लागली. सूनबाईने तळहात ठेवला, मान हलवली आणि सवयीने माझ्याकडे पाहिले. सगळेच पाहत होते. मी नातीच्या खांद्यावरचे फडके ओढून घेतले आणि मोटार पुसायला लागले.