सोमवारचं दूध

माझा नवरा नितेश दुधाच्या तपासणीचा कागद धरून उंबऱ्यात बसला होता. सात औषधांची नावं, आणि सातही नावांसमोर एकच शेरा: परिणाम नाही.

मोगरी आमची गाय. घाटकोपरला शंकराच्या देवळाबाहेर आधी सासूबाई तिला घेऊन बसायच्या, आता मी बसते. लोक माझ्याकडून चारा घेऊन तिला भरवतात, पाया पडतात. सोमवारच्या अभिषेकाचं दूधही तिचंच.

दोन वर्षांपूर्वी तिची कास पहिल्यांदा सुजली. गुरांच्या डॉक्टर चेतनाने सडात भरायच्या ट्यूबा दिल्या. पाच दिवस भरायच्या, आणि संपल्यावरही चार दिवस दूध कुणाला द्यायचं नाही. मंगळवारी सुरू केलं, गुरुवारी सूज उतरली. औषधाचं दूध पिंडीवर कसं घालायचं? मी तिथेच थांबवलं. चार दिवस बरोबर सोमवारी भरले, त्याचा केवढा आनंद झाला होता मला! उरलेल्या ट्यूबा पुढच्या वेळेसाठी ठेवल्या. पुढची वेळ सहादा आली. ट्यूबा कमी पडल्या की दुकानातून आणल्या, पण सहाही वेळा मी तेच केलं.

आज डॉक्टर आली ती थेट मागच्या शेडमध्येच गेली. मोगरी आडवी पडली होती, अंग तापलेलं, कास दगडासारखी.

"श्वेता, खरं सांग गं. पाच दिवस एकदा तरी पूर्ण केलेस?"

"सूज उतरायची ना..."

"सूज उतरली म्हणजे जंतू मेले असं नाही. चिवट होते ते उरले, तेच वाढले. आता माझ्या बॅगेतलं काहीच त्यांना लागू पडत नाही." मग ती नितेशकडे वळली. "आणि तू काय करत होतास रे?"

"हिच्यापुढे आणि महादेवापुढे माझं चालतं का?"

डॉक्टरने बॅगेतून सलाईनची बाटली काढली.

"वाचेल?" मी विचारलं.

"सलाईन लावते. पण रक्तात पसरलंय गं. आशा नको धरूस."

मी मोगरीची मान मांडीवर घेतली. तिने माझा हात चाटला, नेहमीसारखा. तेच सोसवेना.

गार्गी माझ्या खांद्याला टेकून उभी होती. पाच वर्षांची पोर, सगळं ऐकत होती.

"आई, औषध का थांबवलंस?"

"देवाला औषधाचं दूध चालत नाही ना, बाळा."

तिने जरा विचार केला.

"असं देव म्हणाला?"