चार अक्षरं होईपर्यंत

मला हाक मारली की मी उठायची. पोळी तव्यावर असो, घास तोंडात असो, छिन्नी दगडावर टेकवलेली असो. कुणीतरी "नलू", "आई", "वहिनी", "मावशी" म्हणायचं आणि मी उठायची. बाईला पाठीचा कणा दिलाय तो उठण्यासाठीच, असं सगळ्यांना वाटतं. खरं सांगायचं तर छप्पन्न वर्षं मलाही तसंच वाटत होतं.

माझं काम पाट्या कोरण्याचं. घाटकोपरला भटवाडीच्या रस्त्यावर, एका सोसायटीच्या भिंतीला टेकून आमची पत्र्याची शेड होती. सासरे मालवणहून येऊन गिरणीत लागले होते. संपात गिरणी गेली तेव्हा त्यांनी हा धंदा धरला. त्यांच्याकडून माझा नवरा अंबादास शिकला आणि त्याच्याकडून मी. म्हणजे त्यानं कोरायचं आणि मी अक्षरांत काळा रंग भरायचा. तो वाईट नव्हता. पण तासाभरात चार वेळा "नलू, चहा" म्हणायचा आणि मग रंग ओघळला की माझ्यावरच ओरडायचा. आठ वर्षांपूर्वी तो गेला. पुढच्याच महिन्यात मी छिन्नी हातात घेतली. लोक म्हणाले, बाईमाणूस दगड फोडणार? म्हटलं, इतकी वर्षं तुमच्या नावांत रंग कोण भरत होतं ते विचारलंत का कधी?

गेल्या वर्षी रस्ता रुंद करायचं ठरलं. आमच्या चार शेड जाणार आणि त्या बदल्यात मंडईच्या नव्या इमारतीत गाळे मिळणार. गाळ्यांची यादी राजेशभाऊंच्या हातात. भाऊ अजून कुठल्याही निवडणुकीत निवडून आले नव्हते, पण त्यांना विचारल्याशिवाय आमच्या विभागात पान हलत नाही. यादीत माझं नाव तिसरं होतं. गाळा मिळाला तर माझं काम चालू राहणार, नाही मिळाला तर मी घरी बसणार.

त्याच सुमारास झिराडकर काका आले. बिन्यामिन झिराडकर, राहायला मुलुंडला. बेने इस्राएली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. त्यांचे पूर्वज अलिबागकडे घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. काका नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झालेले. पँट पोटावर चढवलेली, मराठी माझ्याहून चोख. मुलुंडला एका इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची प्रार्थनेची खोली आहे. पूर्वी ती भरायची, आता बरेच जण इस्राएलला गेले. तिथं प्रार्थना सांगणाऱ्याच्या समोर लावायला त्यांना दगड हवा होता. मधोमध हिब्रूत मोठी ओळ, तिचा अर्थ, 'मी परमेश्वराला सतत माझ्यासमोर ठेवलं आहे'. कडेनं देवाची बाकीची नावं आणि प्रत्येकाखाली मराठीत अर्थ.

"मशीनवर तासाभरात होईल, काका," मी म्हटलं.

"मशीनला कुणाचं नाव आहे ते कळत नाही," ते म्हणाले.

मला हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं. काकांनी कागदावर आखून दिलं, मी दगडावर उतरवून घेतलं. कडेचं काम दहा दिवस चाललं. काका रोज येऊन स्टुलावर बसायचे आणि त्या दिवशीच्या नावाचा अर्थ सांगायचे.

शद्दाई. कागदावर त्यांनी 'सर्वसमर्थ' लिहिलं होतं. पण म्हणाले, जुने गुरू आणखी एक अर्थ सांगतात. जग निर्माण होताना पसरतच चाललं, थांबेचना, तेव्हा देवानं त्याला "पुरे!" म्हटलं. पुरे म्हणणारा तो शद्दाई.

"मग तेच लिहा की."

"आमच्या खोलीच्या कमिटीला चालायचं नाही."

"कमिटीला आजवर कुणी पुरे म्हटलं नाही वाटतं."

काका हसले, पण 'सर्वसमर्थ' काही बदललं नाही. मी कुरकुरत कोरलं.

मग हामाकोम. त्याचा अर्थ चक्क 'जागा'. देव जगात मावत नाही, जग त्याच्यात मावतं, म्हणून जागा. घरात मयत झाली की याच नावानं सांत्वन करतात, म्हणे. मी म्हटलं, "काका, हा देव मुंबईचाच असणार."

एक नाव मात्र मला लागलं. एल रोई, मला बघणारा. हागार नावाची एक दासी होती. मालकिणीनं छळलं म्हणून गरोदरपणी रानात पळून गेली. तिथं देवानं तिला गाठलं, विचारपूस केली, तेव्हा तिनं त्याला हे नाव दिलं. राजांनी नाही, पुजाऱ्यांनी नाही, दुसऱ्याच्या घरी पाणी भरणाऱ्या बाईनं. ते नाव मी सगळ्यांत खोल कोरलं. काकांनी त्यावरून बोट फिरवून पाहिलं.

शेवटी मधली ओळ राहिली. त्या ओळीत चार अक्षरी नाव होतं. ते लिहितात, पण उच्चारत नाहीत. वाचताना त्याच्या जागी 'अदोनाय', माझा प्रभू, असं म्हणतात आणि एरवी बोलताना नुसतं 'हाशेम', म्हणजे 'ते नाव'. अर्थ विचारला तर काका म्हणाले, "होता, आहे, असेल, हे तिन्ही त्या चारांत आहे."

"आमची आई बाबांचं नाव घ्यायची नाही. 'आमचे हे' म्हणायची," मी म्हटलं. "फक्त त्यांनी हाक मारली की धावत सुटायची."

"इथं उलट आहे," काका म्हणाले. "हे नाव लिहिणारा मध्ये थांबत नाही. कुणी हाक मारली, नमस्कार केला, तरी उत्तर द्यायचं नाही. राजा आला तरी नाही. चार अक्षरं होईपर्यंत तो कुणाचाही नोकर नसतो." मग घाईनं म्हणाले, "अर्थात हा नियम आमच्या लेखकांसाठी. तुम्हाला लागू नाही, नलिनीबाई."

मी घरी गेले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. मला नियम पुष्कळ लोकांनी दिले होते. चार दिवस शिवू नकोस, मोठ्यानं हसू नकोस, पाहुण्यांच्या आधी जेवू नकोस. पण कुणी हाक मारली तर उठू नकोस, असा नियम मला जन्मात कुणी दिला नव्हता. आणि हा म्हातारा तो देऊन लगेच परत घेत होता! मी म्हटलं, देव तुमचा असेल, छिन्नी माझी आहे. नियम मी घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन बंद करून दहाला ते नाव कोरायला बसले. काका नेहमीसारखे स्टुलावर. माझा मुलगा सुबोध त्या दिवशी सुट्टीवर होता. त्याला सांगितलं, तासभर मला हाक मारायची नाही. हिब्रू उजवीकडून डावीकडे जातं. नावाचं पहिलं अक्षर इवलंसं, ते झालं. दुसरं झालं. तिसऱ्या अक्षराची उभी रेघ निम्मी झाली आणि बाहेर गडबड उडाली.

"ओ मावशी, भाऊ आलेत!"

भाऊंचा माणूस नितेश. मागे दहा-बारा जण, एकाच्या हातात फोन, त्यावर लाइव्ह चालू. 'भाऊ तुमच्या दारी' की काय ते. भाऊ घरोघरी जाऊन गाळ्यांची आनंदवार्ता देत होते आणि सगळा विभाग ते बघत होता. माझ्या शेडमध्ये येऊन भाऊ हात जोडून उभे राहिले.

"नमस्कार मावशी! कशा आहात?"

मी ठोकत राहिले.

"मावशी, भाऊ काय विचारतायत?" नितेश.

ठक. ठक. उभी रेघ खाली उतरत होती.

"ऐकू कमी येतं काय रे हिला?" भाऊ हसून म्हणाले. कुणीतरी आणखी हसलं. मग कुणीच हसेना.

"आई!" सुबोधचा आवाज फाटला होता. "आई, काय करतेयस? ऊठ ना! भाऊ उभे आहेत!"

काका स्टुलावरून उठून माझ्या कानाशी वाकले. "नलिनीबाई, थांबा. तो नियम आपल्या माणसांतल्या राजासाठी. परका राजा असेल, त्याच्याकडून धोका असेल, तर थांबायची मुभा आहे. मी सांगतो ना, थांबा तुम्ही."

माझं अंग घामानं भिजलं होतं. मी भित्री नाही असं नाही. गाळा डोळ्यांसमोर होता, त्याचं शटरसुद्धा दिसत होतं. पण मला इतका राग आला, इतका राग आला की छिन्नी उलट सरळ चालायला लागली. जगातल्या एका तरी नियमानं मला बसून राहा म्हटलं होतं आणि त्याचीही पळवाट निघाली होती. पुरुषमाणूस दारात आला की पळवाट निघतेच. तिसरं अक्षर झालं. मी चौथं धरलं.

नितेशनं टेबलफॅनची वायर उपटली. दगडाची भुकटी डोळ्यांत बसली. मी पदरानं डोळे पुसले आणि पुढे ठोकत राहिले. भाऊ पाच मिनिटं उभे होते. कुणीतरी "लाइव्ह बंद कर रे" म्हणाल्याचं ऐकू आलं, मग चपलांचे आवाज. चौथं अक्षर संपायला वीस मिनिटं लागली. ते संपलं, मी दगडावरची भुकटी फुंकली आणि वळून म्हटलं, "बोला." समोर भाऊ नव्हते. काका स्टुलावर परत बसले होते आणि सुबोध भिंतीला टेकून उभा होता, चेहरा पांढरा.

"वाट लावलीस," तो म्हणाला. "सगळ्यांनी बघितलं, आई. सगळ्यांनी."

दुसऱ्या दिवशी भाऊंच्या ऑफिसातून बोलावणं आलं. सुबोधनं रात्रभर माझी समजूत घातली होती आणि तोच मला घेऊन गेला. भाऊ गोडच बोलले. मंडईच्या इमारतीची कोनशिला करायची होती. तिच्यावर त्यांचं नाव मी स्वतः कोरायचं, आणि कोरताना कॅमेऱ्यासमोर म्हणायचं की काल चूक झाली. गाळा माझाच. बोलताबोलता त्यांचा फोन वाजला आणि भाऊ ताडकन उभे राहिले. "हो साहेब. नाही साहेब. आत्ता येतो साहेब." बसले, "हां, तर मावशी," म्हणाले आणि फोन पुन्हा वाजला. पुन्हा उभे.

मला त्या माणसाची कीव आली. आणि कीव आल्यावर भीती राहिली नाही.

"कोरते की," मी म्हटलं. "पाट्या कोरणं माझा धंदा आहे. पण चूक झाली असं म्हणणार नाही. आणि एक आधीच सांगते भाऊ, तुमचं नाव कोरताना मला भाजीवाल्यानं जरी हाक मारली ना, तरी मी उठेन."

नितेश पुढे सरसावला. भाऊंनी हातानं त्याला अडवलं आणि दाराकडे बोट केलं. सुबोध रस्ताभर माझ्या दहा पावलं पुढे चालत राहिला.

पुढच्या यादीत तिसरं नाव दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. दगड न्यायला काका आले तेव्हा त्यांना ते कळलं. "आमच्या नावापायी तुमची जागा गेली," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"त्याचंच नाव जागा आहे ना? मग त्याला विचारा," मी म्हटलं. मी चिडलेच होते, देवावरसुद्धा. काकांना राग आला नाही. ते म्हणाले, "विचारतो. आमच्यात विचारायची पद्धत आहे."

बारा दिवसांनी शेड पाडायला माणसं आली. मी आत काम करत होते. रस्त्यापलीकडल्या पिठाच्या गिरणीची पाटी होती, काळ्या कडप्प्यावर, छोट्या, उथळ अक्षरांत 'येथे मसाले दळून मिळतील' एवढंच. त्यातलं 'मसाले' चाललं होतं. बाहेर गाडी थांबली, घण उतरल्याचा आवाज आला.

"आत कोण आहे? ओ बाई, बाहेर या!" मुकादमानं हाक मारली.

माझी पाठ सवयीनं ताठ झाली. मी छिन्नी उचललीसुद्धा. तेवढ्यात दाराशी कुणीतरी आडवं उभं राहिलं आणि आतला उजेड कमी झाला. सुबोध होता. तो त्या वेळी कामावर असायला हवा होता. माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हात चौकटीला लावून तो उभा होता.

"थांबा," तो त्यांना म्हणाला. "आई काम करतेय."

"अरे, आम्हाला दुपारपर्यंत चारही शेड उतरवायच्यात. बोलव तिला."

"नाही बोलवणार. तिचं झालं की ती येईल."

"असं काय कोरतेय एवढं?"

सुबोधनं मागे वळून पाहिलं. "मसाले," तो म्हणाला.

बाहेर कुणीतरी हसलं. मग बिडी पेटवल्याचा वास आला आणि घण जमिनीवर टेकले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात हलू दिला नाही. शेड त्या दिवशी पडणार होती आणि पडलीच. त्याआधी चाळीस मिनिटं तेरा पुरुष माझ्या दाराबाहेर उन्हात बसून होते, आणि मी 'दळून मिळतील'मधला 'ल' नीट, गोल, सावकाश कोरला.