धार बारीक झाली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी गाळणी आहे. चहाची नव्हे, पाण्याची. प्रयोगशाळेत चिकट द्रावणातून माझ्या पोकळ नळ्या ओढल्या गेल्या, अगदी शेवयांसारख्या. बळकटीसाठी त्यांत मातीचे नॅनोकण मिसळले. नळ्यांच्या भिंतींना जी छिद्रं आहेत, त्यांच्यापुढे पटकीचा जंतूही हत्तीएवढा. पाणी आत झिरपतं, जंतू बाहेर राहतो.

२००६ साली फारूकभाऊ मिस्त्रींनी मला ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात, मुखरूभाऊंच्या अंगणात बसवलं. बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं पाणी वरच्या टाकीत ओतायचं, खालच्या तोटीतून गाळलेलं घ्यायचं. आणि दर आठवड्याला उलट्या बाजूने पाणी सोडून मला धुवायचं. मुखरूभाऊंच्या बायकोने, रंभाबाईंनी, ते इमानाने केलं. त्या घरात हगवण फिरकली नाही.

मग त्यांच्या लेकीचं, दिव्यानीचं लग्न ठरलं. लगबगीत मला धुवायचं राहून गेलं. उन्हाने बोडी आटली, पाणी गढूळ झालं. माझ्या नळ्यांवर गाळ साचत गेला आणि नेमकी लग्नाच्या सकाळी माझी धार सुतासारखी झाली.

"वरात आली दारात, अन् हे बाई थेंब मोजून राह्यली!" मुखरूभाऊ चिडले. झाकण उघडून त्यांनी पोती शिवायचं दाभण माझ्या नळ्यांत खुपसलं. मी चिवट, पहिल्यांदा दाभणच घसरलं. दुसऱ्यांदा मात्र काही नळ्या फुटल्या.

धार धो-धो सुटली. "पाहा, कशी सुधरली!" मुखरूभाऊ म्हणाले. सगळे खूश झाले. इतकं कौतुक माझ्या वाट्याला कधीच आलं नव्हतं. पण त्या पाण्यासोबत जंतूही सुटले होते, आणि मला ओरडता येत नव्हतं.

पहिला गडू नवरीसाठी भरला. दिव्यानीने तो तोंडाजवळ नेला आणि थांबली.

"बाबा, यात शेवाळ हाय."

"लग्नाच्या दिवशी नखरे नोको करू."

रंभाबाईंनी गडूत डोकावलं, मग उघड्या झाकणाकडे पाहिलं. "फडक्यात चोथा अडकला तं फडकं फाडता काय, दिव्यानीचे बाबा?"

त्यांनी भरलेलं सगळं पाणी चुलीवर उकळायला ठेवलं. वऱ्हाड्यांना कोमट पाणी मिळालं. "भाऊ, साखर-पत्ती टाकाले भुलले का?" असले टोमणे मुखरूभाऊंनी मान खाली घालून ऐकले. पण वरातीतलं कुणी आजारी पडलं नाही.

पुढे फारूकभाऊंनी फुटलेल्या नळ्यांची तोंडं बंद केली. आजही मी पाणी गाळते, जरा सावकाश. मित्रांनो, माझी धार बारीक झाली की मला कामचुकार समजू नका. घाण माझ्या अंगावर आहे, तुमच्या पेल्यात नाही, एवढंच मी तेव्हा सांगत असते. मला धुवा.